खाली बसलेलं

सोजर आत्या बाजारातली गुळवेल घेत नाही.
बुट्टेनाथाच्या दरीच्या तोंडाशी एक निंब आहे,
त्याच्यावर चढलेली तेवढीच.
अंगठ्याएवढी जाड, वरची साल सोलली की आतून हिरवीगार,
आणि तोडताना मुळाशी वीतभर ठेवायची.
"तिला पुन्ना चढायचंय."

मी अंबाजोगाईत फार्मसी कॉलेजात मदतनीस.
काचेची भांडी विसळते, लेबलं चिकटवते,
सॉक्सलेट लावलं की मुलांना म्हणते, बघा,
तेच अल्कोहोल पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं,
दर फेरीला थोडं काही घेऊन येतं.

आत्याकडे उखळ आहे, घंगाळ आहे,
धुवून धुवून विरलेल्या लुगड्याचा तुकडा आहे.
पाणी टँकरच्या वारावर. गल्लीत येतो तो बुधवारी.
म्हणून वेल मंगळवारी तोडायची,
बुधवारी कुटून भिजत घालायची,
गुरुवारी पहाटे हातानं कुस्करायची,
फेस येईस्तोवर,
कोपरापर्यंत कडू होईस्तोवर.

माझे हात दोन दिवस कडू होते.
भाकरी मोडली तर भाकरी कडू.
लेकराचं तोंड पुसलं तर त्यानं
माझ्याकडे असं बघितलं, की मी कुणी वेगळीच बाई.

मग गाळायचं. झाकायचं.
मग सगळ्यात अवघड: हात न लावणं.
"घंगाळाजवळून चालू नको," आत्या म्हणते, "फरशी हलती."
आम्ही अंगणात कुजबुजत जेवतो
जणू आत कुणी तापानं निजलंय.
नरहरी भावजी मोटारसायकल
गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणतात.

सकाळी वरचं पाणी चहासारखं, पण नितळ.
आत्या घंगाळ कलती करते,
इतकी हळू की कलती करतेय हे कळतच नाही,
आणि तळाला सायीएवढा थर.
दहा किलो वेलीला वाटीभर, तीही शिगोशीग नाही.
सावलीत वाळलं, खडे झाले,
चिमटीत दाबलं की करकर वाजायचं.

त्यातलं चिमूटभर मी कॉलेजात नेलं.
आयोडिनचा एक थेंब.
निळं. दौत सांडल्यासारखं निळं.
म्हणजे बहुतेक सगळा स्टार्च,
बटाट्यात असतो तो, सकाळच्या भाकरीत असतो तो.

आठ दिवस मी गप्प.
केजहून माणसं येतात, रेणापूरहून येतात,
ओट्यावर पुडीसाठी दुपारभर बसून राहतात.
कुठल्या तोंडानं सांगायचं?
शेवटी चूल सारवताना बोलले,
"आत्या, कडू सगळं पाण्यात गेलं.
आपण ओतून देतो त्या पाण्यात."

ती रागावली नाही. हसलीही नाही.
"ओतलं म्हंजी फेकलं व्हय?
इतक्या वर्षात कढईत कामून वाकून बघितलं नाहीस?"

मागच्या चुलीवर तेच पाणी तिसरा दिवस आटत होतं.
काकवीसारखं झालेलं,
रात्रीपर्यंत डांबरासारखं होणारं.
तिनं उलथण्याच्या टोकानं जिभेवर ठेवलं
आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"लोकायला पांढरं पटतं.
पांढरं दिलं की इस्वास बसतो, पोट बी मऊ ऱ्हातं.
त्याच्यासंगं काळ्याची गोळी देतीच मी.
नाव पांढऱ्याचं व्हतं, होऊ दे."

मी आणलेल्या लेबलांवर चार रकाने होते.
वनस्पती. भाग. तारीख. मुदत.
तिच्या सांगण्यावरून लिहिलं:
निंबावरची. मंगळवारी तोडलेली. बुधवारचं पाणी.
मुदतीपाशी पेन थांबलं.
"ते काय असतंय?"
"कधीपर्यंत चालेल ते."
तिनं बरणी उजेडात धरली, मग कानाशी हलवली,
"पावसाळ्यात उघडू नको म्हणून लिही," म्हणाली.
रकान्यात ते मावलं नाही.

बुचाभोवती मेण ओतताना
मी उठायला गेले तर तिनं डोळे वटारले,
फरशी हलती म्हणून,
आता हलण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.